तबकडीचें दुखणें आणि तिच्यावरील घरगुती औषधें



घरांत कोणी आजारी पडलें म्हणजे औषध सुचविणाऱ्यांची वाण नसते. कोणी काढा सांगतो, कोणी शेक सांगतो, आणि कोणाच्या तरी मावशीस अमुक वैद्याच्या मात्रेनें हमखास गुण आलेला असतो. घरांतील संगणक आजारी पडला तरी प्रकार हाच. २००९ सालच्या पावसाळ्यांत आमच्या घरच्या संगणकाच्या हार्ड डिस्कमधून, म्हणजे ज्या फिरत्या तबकडीवर त्याची सारी स्मृति सांठविलेली असते तिच्यांतून, टक् टक् असा आवाज येऊं लागला. आवाज मोठा नव्हता. भिंतीवरील पाल चुकचुकावी इतकाच. परंतु प्रत्येक आवाजासरशी पडद्यावरील चित्र थिजून जाई आणि मिनिट दोन मिनिटांनीं पुन्हां हालूं लागे.

त्या तबकडीवर माझ्या आईनें म्हटलेल्या जात्यावरच्या ६१ ओव्या होत्या. ताईनें त्या पूर्वीं कॅसेटवर घेतल्या होत्या. मीं त्या संगणकांत उतरवून घेतल्या आणि बुरशी चढलेल्या कॅसेटी टाकून दिल्या. आई त्यापूर्वींच गेली होती. तेव्हां त्या आवाजाची दुसरी प्रत जगांत कोठेंही नव्हती.

बातमी कळतांच तीन औषधें आलीं. शेजारच्या काकांनीं सांगितलें, तबकडी प्लॅस्टिकच्या पिशवींत घालून एक रात्र फ्रीजमध्यें ठेवा. मेहुणे म्हणाले, हातांत घेऊन एक झटका द्या, नाहींतर बाजूनें हलकेंच ठोका. दुरुस्तीच्या दुकानांतील गृहस्थ म्हणाले, फॉरमॅट मारा, म्हणजे जुनी आखणी पुसून नवी करा. तबकडी नव्यासारखी होईल. तिघेही अनुभवाचे बोल बोलत होते. पुढें या विषयाचा थोडासा इतिहास वाचल्यावर माझ्या ध्यानांत आलें कीं, तिघांपैकीं खोटें कोणीच बोलत नव्हतें. त्या औषधांचा एके काळीं खरोखरच गुण येत असे. मात्र तीं ज्या तबकड्यांचीं होतीं त्या तबकड्या केव्हांच मोडींत निघाल्या होत्या. यंत्र जातें आणि त्याचें औषध मागें राहतें. हें कसें घडलें तें आज सांगावयाचें आहे.

या यंत्राचा जन्म अमेरिकेंत, कॅलिफोर्नियांतील सॅन होझे या गांवीं झाला. १९५२ सालीं आय. बी. एम. कंपनीनें तेथें एक लहानशी प्रयोगशाळा उघडली आणि ती रेनल्ड जॉन्सन यांच्या हवालीं केली. जॉन्सन हे मूळचे शाळामास्तर. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपासणारें यंत्र त्यांनीं मिशिगनमध्यें शिक्षक असतांना तयार केलें होतें, आणि त्याच्याच जोरावर ते कंपनींत आले होते. (उत्तरपत्रिका तपासण्याचा कंटाळा माणसाकडून काय काय करवून घेईल, हें सांगतां येत नाहीं.) त्या काळीं मोठमोठ्या पेढ्यांचे हिशेब भोंकें पाडलेल्या कार्डांवर ठेवीत. हवें तें कार्ड हवें तेव्हां काढावयाचें तर कारकुनांना पेट्याच्या पेट्या उपसाव्या लागत. तोच हिशेब चुंबकीय फितीवर ठेवला तर मधला आंकडा गांठण्यासाठीं फीत उलगडीत बसावें लागे. ग्रामोफोनची सुई उचलून हव्या त्या गाण्यावर नेऊन ठेवतां येते, तशी ती हव्या त्या आंकड्यावर ठेवतां आली तर किती बरें होईल, असा हा प्रश्न होता.

१९५६ च्या सप्टेंबरांत त्याचें उत्तर रॅमॅक या नांवानें जाहीर झालें. त्याच्या स्मृतीच्या कपाटांत दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक बसविलेल्या असून त्या मिनिटास १२०० फेरे घेत. वजन एक टनाहून अधिक. एवढ्या अवडंबरांत मजकूर मावे तो केवळ ५० लक्ष अक्षरांचा; आजच्या मोबाइलवर काढलेलें एखादें छायाचित्रदेखील त्यांत बसविण्याची पंचाईत व्हावी. तबकडीला लोहाच्या ऑक्साइडचा तांबूस रंग देत. तो रेशमी मोज्यांतून गाळून घ्यावयाचा आणि फिरत्या तबकडीच्या मध्याजवळ ओतावयाचा, म्हणजे तो आपोआप कडेपर्यंत सारखा पसरे.

परंतु खरी अडचण रंगाची नव्हती, अंतराची होती. ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकते, म्हणून तबकडी झिजते. येथें तबकडी रात्रंदिवस फिरावयाची. तेव्हां वाचणारें-लिहिणारें हेड तिला टेकूं द्यावयाचें नाहीं, आणि दूरही जाऊं द्यावयाचें नाहीं, कारण दूर गेलें कीं चुंबकाची खूण त्यास उमगत नाहीं. जॉन्सन यांच्या मंडळींनीं दाबाची हवा सोडून तें हेड तरंगत ठेवलें. एका इंचाचे दहा लक्ष भाग केले तर त्यांतील सुमारें ८०० भाग एवढें तें अंतर होतें. माणसाच्या केसाच्या जाडीच्या चौथाईइतकें म्हणा. पुढील सारा इतिहास हें अंतर कमी करीत जाण्याचा आहे. अंतर जितकें कमी, तितकीं अक्षरें बारीक आणि तितका मजकूर जास्त. परंतु तबकडीचीं बहुतेक दुखणींही याच फटींतून बाहेर पडलीं आहेत.

१९६१ त हवेचा पंप गेला. फिरत्या तबकडीबरोबर हवेचा जो पातळ थर फिरतो, त्याच्यावरच हेड तरंगूं लागलें आणि अंतर एका उडीसरशी ८०० वरून २५० भागांवर आलें. पुढच्याच वर्षीं तबकड्यांची चळत उचलून दुसऱ्या यंत्रांत बसविण्याची सोय निघाली. सोय मोठी खरी, पण तिच्याबरोबर सांथही आली. बाहेरच्या हवेंतील धुळीचा किंवा सिगारेटच्या धुराचा कण हेडाखालीं अडकला कीं हेड तबकडीवर आपटे आणि रंगाचा थर खरवडून काढी. मग यंत्रावरील माणूस काय करी? चळत बिघडली कीं यंत्र बिघडलें, हें पाहण्यासाठीं तीच चळत शेजारच्या यंत्रांत घाली. खरवडलेल्या तबकडीनें त्या दुसऱ्या यंत्राचें हेडही फुटे. मग दुसऱ्या यंत्राची परीक्षा करावी म्हणून तो तींत एक चांगली चळत घाली, आणि फुटलेलें हेड तिलाही खरवडी. एका दुपारच्या चौकशींत सबंध दालन आजारी पडल्याच्या कथा त्या पिढीतील लोक सांगतात. रोग शोधण्याची क्रियाच रोग वाढविते, हा धडा तेथें प्रथम मिळाला. परंतु तो मोठमोठ्या कचेऱ्यांच्या भिंतींआड राहिला, घरांपर्यंत आला नाहीं.

१९७३ मध्यें केनेथ हॉटन यांच्या देखरेखीखालीं नवी रचना तयार झाली, तिला विंचेस्टर म्हणत. ३० आणि ३० अशा दोन भागांत मजकूर सांठविण्याचा मूळ बेत होता, त्यावरून तीस-तीसच्या प्रसिद्ध बंदुकीचें नांव तिला मिळालें. या रचनेंत तबकड्या आणि हेडें एकाच बंद डबींत गेलीं. धुळीचा प्रश्न पुष्कळसा मिटला. दुसरी गोष्ट अशी कीं, तबकडी थांबली म्हणजे हेड तिच्याच पृष्ठावर अलगद उतरे आणि फिरूं लागली म्हणजे पुन्हां वर उचललें जाई. त्यासाठीं तबकडीला तेलाचा अतिसूक्ष्म हात दिलेला असे. आमच्या मेहुण्यांच्या झटक्याचें मूळ या तेलांत आहे, तें पुढें सांगतों.

घरांत ही तबकडी आली ती १९८० नंतर. त्या वर्षीं अॅलन शुगार्ट आणि त्यांचे सोबती यांच्या सीगेट कंपनीनें सव्वापांच इंच तबकडीचें, ५० लक्ष अक्षरांचें, टेबलावर मावेल असें यंत्र विक्रीस काढलें. म्हणजे रॅमॅकचें एक टनाचें कपाट चोवीस वर्षांत पावाच्या लादीएवढें झालें. १९८३ मध्यें आय. बी. एम. च्या घरगुती संगणकांत याच्या दुप्पट क्षमतेची तबकडी आली, आणि तेथून घरगुती औषधांचा इतिहास सुरू होतो.

पहिलें औषध फॉरमॅटचें. त्या वेळच्या स्वस्त यंत्रांत हेड सरकविण्याचें काम टप्प्याटप्प्यानें फिरणारी एक मोटर करीत असे. इतके टप्पे म्हणजे इतकी रेषा, एवढेंच तिला ठाऊक. हेड खरोखर रेषेवर आलें आहे कीं नाहीं हें पाहण्याची तिला दृष्टि नव्हती. उष्णतेनें धातु फुगे, वर्षभराच्या वापरानें सांधे ढिले होत, आणि पूर्वीं लिहिलेली रेषा एकीकडे व हेड दुसरीकडे अशी अवस्था होई. मजकूर दिसेनासा होई. अशा वेळीं तबकडी मुळापासून नव्यानें आंखली म्हणजे हेड आतां जेथें पडतें तेथें नव्या रेषा उमटत आणि यंत्र खरोखर नव्यासारखें चाले. जुना मजकूर आधीं उतरवून घेतलेला असला म्हणजे झालें. दुकानदार ज्या औषधाची ग्वाही देत होता तें हें. परंतु १९९० च्या आगेंमागें अशीं यंत्रें मागें पडलीं. हेड हलविण्यास ध्वनिवर्धकांतल्यासारखें तारेचें वेटोळें आलें, आणि रेषा ओळखण्याच्या खुणा कारखान्यांतच तबकडीवर कायमच्या लिहिल्या जाऊं लागल्या. त्या खुणा घरीं बसून पुन्हां लिहितां येत नाहींत. आज ज्याला फॉरमॅट म्हणतात त्यानें बहुधा वरची अनुक्रमणिकाच नवी होते. कांहीं प्रकारांत सारा मजकूरही पुसला जातो. दुखणें आहे तेथेंच राहतें, आणि हरवलेलें परत मिळविण्याची वाट मात्र अवघड होऊन बसते.

दुसरें औषध झटक्याचें. १९८० आणि १९९० च्या दशकांत तबकड्या अधिकाधिक गुळगुळीत होत गेल्या. दोन गुळगुळीत कांचा ओल्या असतां एकमेकींस चिकटून बसतात, तसें हेड तेलाच्या हातामुळें तबकडीस चिकटूं लागलें. संगणक सुरू केला तरी मोटर तिला हलवूं शकत नसे. नुसता गुं असा आवाज येई. अशा वेळीं डबी हातांत धरून तबकडीच्या दिशेनें चटकन् फिरविली तर चिकट सुटे आणि तबकडी चालूं लागे. तेवढ्या अवधींत मजकूर उतरवून घ्यावयाचा. औषध रांगडें होतें, पण त्यामागें विचार होता. पुढें हेड उतरण्याची जागा मुद्दाम खडबडीत करण्यांत आली. आणि त्याहीपुढें, हेड तबकडीवर मुळींच उतरूं न देतां कडेच्या एका उतरणीवर नेऊन ठेवण्याची युक्ति सर्वत्र झाली. फिरत असलेल्या तबकडीस झटका देणें म्हणजे तरंगत्या हेडाला आपण होऊन खालीं ढकलणें होय.

फ्रीजचें औषध याच कुळांतलें. झिजलेले छर्रे, तापल्यावर रुसणारे विजेचे भाग, यांना थंडीनें घटकाभर उतार पडे. परंतु डबी बंद असली तरी ती हवाबंद नसते. आंतला व बाहेरचा दाब सारखा राहावा म्हणून तिला गाळणी लावलेलें एक सूक्ष्म छिद्र असतें. थंडगार डबी कोंकणच्या पावसाळी हवेंत बाहेर काढली कीं दंव धरतें, बाहेरून आणि आंतूनही. आणि हेडाखालचें अंतर तोंवर कोठें येऊन पोंचलें होतें? आल्बेर फेर आणि पेटर ग्र्युनबर्ग यांनीं १९८८ मध्यें पातळ थरांच्या धातूंतील चुंबकत्वाचा जो परिणाम शोधला, त्याच्या आधारानें १९९७ पासून अत्यंत संवेदनाक्षम हेडें निघालीं. या शोधाबद्दल त्या दोघांना २००७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्यानंतर हेड तबकडीपासून थोड्याशा नॅनोमीटरांवर तरंगूं लागलें. केसाच्या जाडीचे हजारों भाग केले तर त्यांतील एक. तेथें दंवाचा बिंदु म्हणजे डोंगर.

चौथें औषध खुद्द संगणकच सुचवितो, आणि तें सर्वांत फसवें आहे, कारण तें पडद्यावर अदबीनें विचारतें : तबकडीवरील चुका दुरुस्त करूं का? ही दुरुस्ती अनुक्रमणिकेची आहे. एकाएकीं वीज गेल्यामुळें नोंदी अर्धवट राहिल्या असतील तर ती उपयोगी पडते. (वीज जातांच आधुनिक तबकडी स्वतःच्याच गरगरण्यांतून वीज काढून हेड सुरक्षित जागीं नेऊन ठेवते, मला तरी या यंत्रांतील सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते.) पण तबकडीच आजारी असली तर ही दुरुस्ती तिला कोनाकोपऱ्यांतून धांवडविते, आणि वर नव्या नोंदी लिहिते. दमेकऱ्यास जिना चढावयास लावण्यासारखें तें आहे.

मग टक् टक् हा आवाज कशाचा? हेड खुणा शोधावयास जातें, खुणा सांपडत नाहींत, तें मूळ जागीं परत येतें आणि पुन्हां निघतें. त्या येरझाऱ्यांचा तो आवाज. कित्येकदां दोष हेडाचा नसून अपुऱ्या विजेचा किंवा ढिल्या केबलचा असतो, आणि तें आधीं पाहणें श्रेयस्कर. तबकडीही स्वतःची नोंदवही ठेवीत असते. आय. बी. एम. नें १९९२ मध्यें या पद्धतीचा आरंभ केला आणि १९९५ च्या सुमारास इतर कारखानदारांनीं ती मान्य केली. त्या वहींतील ५ वा आंकडा म्हणजे खराब झालेल्या जागा सोडून राखीव जागेंत हलविलेला मजकूर; १९७ वा म्हणजे ज्यांचा निकाल अद्यापि लागला नाहीं अशा संशयित जागा; १९९ वा बहुधा केबलकडे बोट दाखवितो. वही प्रामाणिक आहे, परंतु ज्योतिषी नव्हे. २००७ सालीं गूगल कंपनीच्या तिघां संशोधकांनीं एक लक्षाहून अधिक तबकड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पृष्ठाच्या तपासणींत पहिला दोष आढळल्यावर पुढील ६० दिवसांत तबकडी मरण्याचा संभव, निर्दोष तबकडीच्या मानानें, ३९ पट वाढतो असें त्यांत दिसलें. तसेंच हेंही दिसलें कीं, मेलेल्या तबकड्यांपैकीं निम्म्याहून अधिक, म्हणजे ५६ टक्क्यांहून जास्त, तबकड्यांनीं नोंदवहींतील चार महत्त्वाच्या आंकड्यांपैकीं एकांतही आधीं कांहीं सुचविलें नव्हतें. वही कोरी असली म्हणून निर्धास्त झोंपावें असें नाहीं.

येथें रॅमॅकची एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांतील एक जुनें यंत्र कॅलिफोर्नियांत जाणत्या मंडळींनीं या शतकाच्या आरंभीं पुन्हां चालतें केलें. तें आतां माउंटन व्ह्यू येथील संगणकांच्या संग्रहालयांत आहे. त्याच्या तांबूस तबकड्यांवर कित्येक दशकांपूर्वीं लिहिलेला मजकूर पुन्हां वाचतां आला. चुंबकाची खूण सहसा पुसली जात नाहीं. थकतें तें तिच्यापर्यंत पोंचणारें हेड, मोटर, छर्रे. म्हणजे आजारी तबकडीवर मजकूर बहुधा अजून असतोच. मात्र तो वाचण्याच्या फेऱ्या मोजक्या उरलेल्या असतात. त्या परीक्षेंत खर्चावयाच्या कीं उतरवून घेण्यांत, एवढाच निर्णय घरच्या माणसाच्या हातीं असतो.

आम्हीं तो निर्णय चुकीचा घेतला. काकांचा मान राखून तबकडी एक रात्र फ्रीजमध्यें ठेवली, सकाळीं जोडली, आणि आदल्या दिवशीं उघडत होत्या अशा पांच-सहा फाइली उघडेनाशा झाल्या. दोष थंडीचा, दंवाचा कीं आमच्या त्या दिवशींच्या खटपटीचा, हें शपथेवर सांगतां येणार नाहीं. त्या संध्याकाळीं भाचा आला. त्यानें प्रथम वीज बंद केली आणि कोणींही हात लावूं नये असें सांगितलें. वयानें तो सर्वांत धाकटा, तरी मेहुणेही गप्प बसले. दुसऱ्या दिवशीं त्यानें एक नवी तबकडी आणली, केबल बदलून पाहिली, आणि अंतोनियो दियास दियास यांनीं २००४ मध्यें लिहिलेला एक कार्यक्रम लावला. त्याची रीत मोठी समंजस आहे. आजारी तबकडीवर तो कांहींच लिहीत नाहीं. जें सहज वाचतां येतें तें तो आधीं उतरवून घेतो. अडलें तर तेथें झगडत न बसतां पुढें जातो, कोठें अडलें त्याची टिपणी ठेवतो, आणि चांगलें सारें हातीं लागल्यावरच त्या कठीण जागांकडे परत वळतो. तीन दिवस तें काम चाललें होतें. शेजारीं टेबलावरचा पंखा लावला होता. तिसऱ्या रात्रीं आवाज बदलला, खर्र असें झालें, आणि भाच्यानें वीज काढून घेतली.

नव्या तबकडीवर ४३ ओव्या अखंड आल्या. ७ ओव्यांत मध्येंच खंड पडतो आणि आवाज पुढच्या शब्दावर येतो. ११ गेल्या. त्या अकरांपैकीं चार ताईला पाठ होत्या; त्या तिनें आईच्या चालीवर, स्वतःच्या आवाजांत म्हणून दिल्या. आतां सगळ्यांच्या तीन प्रती आहेत, एक माझ्याकडे, एक ताईकडे, एक भाच्याकडे. अलीकडच्या नव्या घरगुती संगणकांतून बहुधा फिरती तबकडीच नसते. त्यामुळें टक् टक् हा आवाजही नसतो, आणि बिघडलें म्हणजे तें पुष्कळदां न सांगतां सवरतां बिघडतें. त्यांच्यासाठींही औषधें निघतील, निघालींही असतील.

आमची जुनी तबकडी फडताळांत ठेवलेली आहे. शेजारचे काका आले म्हणजे अजून विचारतात, फ्रीजमध्यें ठेवली त्या रात्रीं पिशवीचें तोंड नीट बांधलें होतें ना?